वंदे भारतला बँकर लागत नाही, मग बाकीच्या गाड्यांना अजून का?

घाटमाथा (धागाकर्ता)
फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-सोलापूर वंदे भारत बोरघाट चढते आहे, मागे एकही इंजिन न लावता. मुंबई-शिर्डी वंदे भारत तशीच कसारा घाट चढते. आणि आपली डेक्कन क्वीन? १९३० पासून धावतेय, २०२२ मध्ये तिला एलएचबी (जर्मन रचनेचे) डबे आले, नवा रंग आला, डायनिंग कार नवी झाली. पण संध्याकाळी पुण्याला निघाली की कर्जतला थांबायचं, मागे बँकर (घाटात गाडी मागून ढकलणारी जादा इंजिनं) जोडून घ्यायचे आणि मगच वर चढायचं. हे काही सुटत नाही.

यावरून मोठा प्रश्न असा की, रेल्वेवर एवढा खर्च होतोय तो नेमका कशावर? नवी गाडी आली की हिरवा झेंडा, फुलांच्या माळा, सेल्फी. पण गाडी जिथे अडते ती जागा बहुतेक वेळा रुळावर असते, डब्यात नसते. घाट, एकेरी मार्ग, जंक्शनवरची कोंडी, जुनाट सिग्नल. माझं स्पष्ट मत आहे की आपण गाड्या आधी घेतो आणि रस्ता मागाहून बांधतो. पटत नसेल तर बोला.

कर्जतकर
बँकर गेले तर फलाटावरच्या वड्यांचा खप कुठे जाईल? आधी त्याचं उत्तर द्या, मग देशाचं बघू.

सेमाफोर
मी सिग्नल विभागातून निवृत्त झालो, इंजिनांचा माणूस नव्हे. तरी जेवढं ठाऊक आहे ते सांगतो.

दोन्ही घाटांत चढ १:३७ पर्यंत जातो, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. भारतात ब्रॉडगेजच्या मुख्य मार्गावर एवढा तीव्र चढ क्वचितच सापडेल. नेहमीच्या एक्सप्रेसमध्ये पुढच्या इंजिनाची सहा चाकजोडं सोडली तर बाकी सगळी गाडी नुसतं ओझं असते. बैलगाडी चढावर अडली की चार माणसं मागून रेटतात, बँकरचं काम तेच. शिवाय हे नुसतं ताकदीचं गणित नाही. सगळा भार पुढच्याच कपलिंगवर आला आणि ते तुटलं तर मागचे डबे उताराला लागतील. मागे बँकर असले की तो ताणही वाटला जातो आणि टेकूही राहतो.

वंदे भारतच्या १६ डब्यांपैकी ८ डब्यांना मोटर असतात, म्हणजे निम्मी चाकं स्वतः ओढतात. त्यामुळे ताण एका टोकाला येतच नाही. लोकलचंही तत्त्व हेच.

निरागस_प्रश्न
मग सगळ्याच गाड्या वंदे भारतसारख्या का नाही करत?

खवचट_काकू
तिकिटाचे दर पाहिलेस का बाळा?

रुळावरचा
काकू, दर हा एक भाग झाला. दुसरा भाग असा की इंजिन वेगळं आणि डबे वेगळे असले तर ते इंजिन दिवसा प्रवासी गाडीला आणि रात्री दुसऱ्या गाडीला लावता येतं. मोटर बसवलेला संच आख्खा एकत्रच राहतो. एक डबा बिघडला की सगळी गाडी शेडमध्ये.

आणि हे एलएचबी डबे तर कालपरवाच बांधलेत. चेन्नईच्या कारखान्यातून जुन्या पद्धतीचा शेवटचा डबा २०१८ च्या सुरुवातीला बाहेर पडला, त्यानंतर सगळे एलएचबीच. ते काही कोणी मोडीत काढणार नाही, काढूही नये. जुने डबे अपघातात एकावर एक चढायचे, एलएचबी सहसा चढत नाहीत. घाटमाथा, तुमच्या ‘डब्यात काय ठेवलंय’ या सुराला माझा आक्षेप आहे तो इथे.

बँकरवर तोडगा मात्र निघालेला आहे. जानेवारी २०१९ मध्ये मध्य रेल्वेवरून सुटणारी मुंबई-दिल्ली राजधानी सुरू झाली, तिला पुढे एक आणि मागे एक इंजिन लावून चालवायला लागले. कसाऱ्याला बँकर जोडणं बंद, वेळही वाचला. अमृत भारत गाड्यांना दोन्ही टोकांना इंजिन असतं ते याच पद्धतीचं, आणि ती तर बिनवातानुकूलित, साध्या तिकिटाची गाडी आहे. म्हणजे हे फक्त श्रीमंतांचं तंत्र नाही.

घाटमाथा
मग हेच डेक्कन क्वीनला का नाही?

इंजिनवेडा
हिशोब करा. राजधानीला दिल्लीपर्यंत दुसरं इंजिन न्यायचं ते कसारा ते इगतपुरी एवढ्या १६ किलोमीटरसाठी नाही. वेगवान गाडीला दोन इंजिनं असली की थांब्यानंतर वेग पटकन घेता येतो, तो फायदा पुढच्या सगळ्या प्रवासात मिळतो. पुण्याच्या गाडीला १९२ किलोमीटरमध्ये घाट २८ चा. कर्जतचे बँकर दिवसभरात एका गाडीला वर सोडतात, खाली येतात, पुढच्या गाडीला लागतात. प्रत्येक गाडीला कायमचं दुसरं इंजिन द्यायचं तर केवढी इंजिनं लागतील! थोडक्यात, बँकर दिसायला जुनाट असले तरी हिशोबात स्वस्त आहेत. फक्त त्या हिशोबात प्रवाशाचा वेळ कोणी धरत नाही, हे तुमचं दुःख रास्त आहे.

आता तुमच्या मूळ मुद्द्याला दुजोरा देणारी एक गोष्ट. इगतपुरी आठवते का? मुंबईकडे तारांत १५०० व्होल्ट डीसी, पलीकडे २५ हजार व्होल्ट एसी. डीसीचं इंजिन काढायचं, एसीचं लावायचं. नंतर दोन्हींवर चालणारी डब्ल्यूसीएएम जातीची इंजिनं आली, त्यामुळे अदलाबदल कमी झाली. शेवटी मुंबईतल्या तारा एसी झाल्या, पश्चिम रेल्वेवर २०१२ पर्यंत आणि मध्य रेल्वेवर २०१५ मध्ये. देशात पहिली विजेची गाडी १९२५ साली व्हीटी ते कुर्ला धावली ती डीसीवर, म्हणजे ९० वर्षांची पद्धत बदलली. तीही लोकल बंद न ठेवता, रात्रीच्या आणि रविवारच्या ब्लॉकमध्ये. एवढ्या कामाचं कोणाला काही वाटलं का? प्रवाशाला कळलंही नाही.

खवचट_काकू
कळलं की. रविवारी मेगाब्लॉक असायचा ना, तेव्हा चांगलंच कळायचं.

रत्नांग्री_हापूस
घाटात थांबण्याचं तुम्हाला एवढं! कोकणात या. २६ जानेवारी १९९८ ला रोहा ते मंगळुरू मार्ग पूर्ण खुला झाला. २०२२ मध्ये विद्युतीकरणही संपलं. पण रोहा ते वीर हे ४६ किलोमीटर सोडले, जे २०२१ मध्ये दुहेरी झाले, तर बाकी जवळपास सगळा मार्ग एकेरीच. एकेरी मार्गावर नवी गाडी आणली म्हणजे समोरच्या गाडीला कुठल्या तरी स्टेशनात बाजूला उभं राहावंच लागतं. २०२३ मध्ये मडगाव वंदे भारत आली. ती सुसाट जाते, तिच्यासाठी पॅसेंजर क्रॉसिंगला थांबते. इथे घाटमाथा म्हणतात ते शंभर टक्के खरं, रस्ता तेवढाच आणि गाड्या वाढत चाललेल्या.

पण सरसकट दुहेरीकरण करा म्हणणारे ‘करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा पुन्हा शेजारी खणा’ म्हणजे किती पैसे, हे सांगत नाहीत. रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल ६४ मीटर उंच आहे. त्याच्या बाजूला दुसरा उभा करायचा? जिथे सपाटी आहे तिथे तुकड्या-तुकड्यानं दुहेरी करा, स्टेशनांत जादा लूप (गाडी बाजूला उभी करायचे रूळ) टाका, गाड्यांचं क्रॉसिंग लवकर उरकेल. हे पोस्टरवर छापण्यासारखं काम नाही, म्हणून मागे पडतं.

अवांतर: विजेची इंजिनं आल्यापासून लांब बोगद्यांत डिझेलचा धूर नाही. खिडकी उघडी ठेवून बसता येतं. माझ्यापुरतं हेच सर्वांत मोठं आधुनिकीकरण.

बीडकर
चालू द्या तुमचं. १७ सप्टेंबर २०२५ ला आमच्या बीडला पहिली रेल्वेगाडी आली. मुक्तिसंग्राम दिनाला. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग नव्वदच्या दशकात मंजूर झाला, निम्मा खर्च राज्यानं उचलायचा असं ठरलं, तरी त्यातला बीडपर्यंतचा तुकडा यायला तीसेक वर्षं गेली. लग्नपत्रिकेत ‘जवळचं रेल्वे स्टेशन’ लिहायचं तर आम्ही दुसऱ्या जिल्ह्याचं नाव टाकायचो.

तुम्ही कर्जतला थांबावं लागतं म्हणून रडता, आमच्याकडे थांबायला गाडीच नव्हती. आलेली गाडी साधी डेमू आहे. तिच्या दारात उभं राहून आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी फोटो काढून घेतले. तेव्हा सेल्फीवाल्यांची फार थट्टा करू नका.

खवचट_काकू
बीडकर, मनापासून अभिनंदन! थट्टा मागे घेतली नाही, फक्त बीडपुरती स्थगित केली. पेढे?

बीडकर
काकू, परळीपर्यंत पोचली की पेढे. तोवर गूळ-शेंगदाणे.

वर्धेचा_वाटसरू
आमची वर्धा-यवतमाळ-नांदेडही त्याच पंगतीत. २८४ किलोमीटरपैकी वर्धा ते कळंब फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. वाट बघतोय.

लातूरकर_पुणेरी
बीडकरांच्या मुद्द्याला जोडून. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाण्याची रेल्वे आली होती, आठवते? मिरजेहून वाघिणी भरून पाणी आणलं. देशभर बातम्या झाल्या. पण ती गाडी येऊ कशी शकली हे फारसं कोणी लिहिलं नाही. मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-बार्शी-लातूर हा मुळात बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी नॅरोगेज मार्ग. एकेक तुकडा करत तो ब्रॉडगेज झाला, पंढरपूर-मिरज सगळ्यांत शेवटी. ते गेजबदल रखडलं असतं तर त्या उन्हाळ्यात कोट्याच्या कारखान्यातून आलेल्या टँकर वाघिणी मिरजेच्या पुढे सरकल्याच नसत्या. गेजबदल चालू होतं तेव्हा ‘छोटी गाडी गेली हो’ म्हणून हळहळणाऱ्यांत मीही होतो आणि आजही हळहळ आहे. पण प्यायचं पाणी ब्रॉडगेजनं आणलं.

आता त्याच लातुरात डब्यांचा कारखाना आहे. पहिला सांगाडा डिसेंबर २०२० मध्ये तयार झाला, पुढे वंदे भारत स्लीपरचं काम रशियन भागीदारीतल्या कंपनीला तिथे दिलंय. पोरांना नोकऱ्या किती मिळतात ते बघायचं.

दिवा_जंक्शन
लांबच्या गाड्यांचं झालं असेल तर जरा लोकलकडे वळू या का? पहिली एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ ला बोरिवलीहून चर्चगेटला गेली. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी पडून गेले आणि लगेच घोषणा झाली की नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं असतील, साध्या लोकलनाही. दार बंद झाल्यावर हवेचं काय, तर दारांना झडपा, छतावरून हवा आत सोडायची आणि डब्यांमधून आरपार जायची वाट.

कागदावर छान आहे. पण माणसं दारात हौसेनं लटकत नाहीत. आत जागा नाही म्हणून लटकतात. जागा वाढवायची तर गाड्या वाढवा, त्यासाठी मार्गिका वाढवा. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली ती कितीतरी वर्षं रखडून. मी घाटमाथाच्या पार्टीत.

खवचट_काकू
आणि दार बंद व्हायला जो वेळ लागेल तो प्रत्येक स्टेशनात धरा. घाटकोपरला संध्याकाळी दार बंद होऊ देणारा माणूस अजून जन्मायचा आहे. तरी मी म्हणते, दारं हवीत. पोरगं घरी येतंय ना, मग दहा मिनिटं उशिरा येऊ दे.

दिवा_जंक्शन
काकू, यावर मात्र वाद नाही.

सेमाफोर
सगळे मार्गिका आणि डब्यांत अडकलेत, म्हणून माझ्या खात्याची बाजू मांडतो.

१७ जून २०१५ ला इटारसीच्या सिग्नल केबिनला आग लागली. सगळे पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे) आणि सिग्नल जिथून चालायचे ती रूट रिले इंटरलॉकिंग यंत्रणाच खाक. रूळ शाबूत, इंजिनं शाबूत, डबे शाबूत, तरी महिनाभराहून जास्त काळ देशाच्या मध्यावर गाड्यांचा बोजवारा. शेकडो गाड्या रद्द. माणसांनी चावी फिरवून पॉइंट लावायचे आणि कागदी परवाने देऊन गाड्या सोडायच्या, असं किती गाड्यांना करणार? नवी यंत्रणा जोडून तपासेपर्यंत तसंच चाललं. गाडी कधी सुटेल हे त्या खोलीतल्या तारा ठरवतात.

आता ‘कवच’बद्दल. रुळांमध्ये टॅग बसवलेले असतात, इंजिनात यंत्र असतं, रेडिओवरून स्टेशनाशी बोलणं चालतं. चालकानं लाल सिग्नल दुर्लक्षिला तर गाडी आपोआप ब्रेक लावते. उत्तम गोष्ट आहे, लवकरात लवकर सगळीकडे यावी. पण कवच म्हणजे सर्वरोगहारी मात्रा नव्हे. २ जून २०२३ ला ओडिशात बालासोरजवळ गाड्यांचा अपघात झाला, त्यात चालकानं लाल सिग्नल ओलांडला नव्हता. त्याला हिरवाच होता. चूक सिग्नलच्या जोडणीत, दुरुस्तीच्या कामात झाली होती. जिथे सिग्नलच खोटं बोलतो तिथे कवच कोणावर विश्वास ठेवणार? त्याला उपाय एकच, काम झाल्यावर प्रत्येक जोडणी नियमाप्रमाणे तपासणं, आणि त्यासाठी पुरेशी माणसं व पुरेसा ब्लॉक देणं. यंत्र कितीही नवं आणा, हे टाळता येत नाही.

म्युनिकवासी
सेमाफोर काका, दंडवत. परदेशातून एक भर घालतो, म्हणजे ‘तिकडे बघा कसं’ म्हणणाऱ्यांचा उत्साह जरा आटोक्यात येईल. २०२४ मध्ये जर्मनीत लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर होत्या, तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर ‘वेळेवर’ धरून. गाड्या चकचकीत, ताशी ३०० धावू शकणाऱ्या. पण रूळ, पॉइंट, सिग्नल यांवर वर्षानुवर्षं पुरेसा खर्च केला नाही, त्याची फळं आता भोगतायत. म्हणून फ्रँकफर्ट-मानहाइम हा अत्यंत गजबजलेला मार्ग जुलै ते डिसेंबर २०२४ चक्क पाच महिने पूर्ण बंद ठेवला आणि रूळ, तारा, सिग्नल सगळं एकदम बदललं.

बाय द वे, एलएचबी ही झाल्झगिटरची कंपनी, पुढे अल्स्टोममध्ये विरून गेली. इथल्या कोणाला तिचं नाव आठवत नाही, आपल्याकडे पोराटोरांना पाठ.

दिवा_जंक्शन
पाच महिन्यांचा मेगाब्लॉक!! हळू बोल रे, इथलं कोणी वाचेल.

गँगमनचा_पोरगा
सहसा वाचनमात्र असतो. आज लिहितो.

माझे वडील गँगमन होते, नंतर की-मॅन झाले. खांद्यावर हातोडा घेऊन रोज ठरलेला टप्पा चालायचा, सैल झालेली चावी ठोकायची, रुळाला तडा दिसतो का बघायचं. लाकडी आणि लोखंडी स्लीपर (रुळांखालचे आडवे आधार) होते तेव्हा दुरुस्तीला अंत नव्हता. बीटरनं खडी ठोकून ठोकून त्यांचे खांदे गेले. पुढे काँक्रीटचे स्लीपर आले, खडी दाबणारी टॅम्पिंग मशीन आली आणि त्या कामाचा जीवघेणा भाग कमी झाला.

पण घरात आम्ही सगळ्यांत जास्त आशीर्वाद दिले ते बायोटॉयलेटला. आधी डब्यातलं सगळं थेट रुळावर पडायचं. गाडी वरून गेली की खाली उभ्या असलेल्या माणसांवर काय उडायचं ते इथे लिहीत नाही. वडील घरात यायच्या आधी बाहेरच्या नळावर अंघोळ करायचे, थंडीतसुद्धा. त्यामुळे डब्यांवरचा खर्च म्हणजे दिखावा, असं कोणी म्हटलं की मला राग येतो. तो बदल डब्यातच झाला होता. त्याचा सगळ्यात मोठा फायदा मात्र डब्यात न बसणाऱ्याला झाला.

पावसाळ्यात रात्री रुळावर चालणारी माणसं आजही आहेत. हातात बॅटरी, पिशवीत फटाके. दरड दिसली तर ते रुळावर लावून गाडी थांबवायची.

खवचट_काकू
यावर थट्टा नाही. लिहीत राहा रे.

रत्नांग्री_हापूस
आमच्याकडे पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू चालतात, त्याला नावं ठेवणाऱ्यांनी हा प्रतिसाद वाचावा.

घाटमाथा
गँगमनचा_पोरगा, धाग्यातला सर्वांत मोलाचा प्रतिसाद. आक्षेप मान्य, पण तपशिलात भांडतो. बायोटॉयलेटला कोणी हिरवा झेंडा दाखवला नाही, काँक्रीटच्या स्लीपरला नाही, इंजिनवेडा म्हणतात त्या एसी तारांनाही नाही. मी विरुद्ध आहे तो समारंभाच्या क्रमाला.

रुळावरचा
म्हणजे जे चांगलं ते सगळं तुमच्या बाजूचं आणि उरलेलं समारंभाचं. सोयीची व्याख्या आहे. :-) मग फेब्रुवारी २०२३ मध्ये औसा रोड-लातूर रोड तारा पूर्ण होऊन मध्य रेल्वे शंभर टक्के विद्युतीकृत झाली, तो कार्यक्रम कुठल्या रकान्यात?

इंजिनवेडा
तुम्ही भांडा, मी मूळ प्रश्नावर येतो. बँकर कायमचे घालवायचे तर चढच कमी करायला हवा. १:१०० चढ असेल तर बँकर लागत नाहीत. बोगद्यांतून असे मार्ग काढण्याच्या सर्वेक्षणाच्या बातम्या अधूनमधून येतात. आता गणित बघा. कर्जत समुद्रसपाटीच्या थोडंच वर, लोणावळा ६२० मीटरच्या आसपास. म्हणजे साडेपाचशे मीटरहून जास्त चढायचं. १:१०० नं तेवढं चढायला ५५ किलोमीटरच्या वर मार्ग लागेल, आजचा आहे २८. म्हणजे दुप्पट लांबी, डोंगरात वळसे घेत, बोगद्यांमागून बोगदे. कसारा-इगतपुरीला फरक साधारण ३०० मीटरचा, म्हणजे ३० किलोमीटरच्या मार्गात भागतं. माझा अंदाज, आधी कसारा होईल. बोरघाटाचं आपल्या हयातीत कठीण.

घाटमाथा
५५ किलोमीटर लांबून जाऊन वेळ तरी वाचेल का?

इंजिनवेडा
प्रवासी गाडीचा वाचेल. बँकर जोडायचा थांबा नाही, उतरताना ब्रेकसाठी जीव मुठीत धरून चालणं नाही, १०० च्या वेगानं चढता-उतरता येईल. खरा फायदा मालगाडीला. तिला चढताना बँकरची वाट बघावी लागते आणि ती घाटात असेपर्यंत मागची प्रवासी गाडी खोळंबते.

सेमाफोर
उतरण्याचं बोललात ते महत्त्वाचं. लोकांना चढ दिसतो, आम्हाला उतार दिसायचा. ब्रेक निकामी झालेली गाडी सुसाट खाली जाऊ नये म्हणून घाटात कॅच सायडिंग असतात. ती उलट्या चढावर नेऊन गाडी थांबवतात. घाटातल्या ठाकूरवाडी, मंकी हिलसारख्या ठिकाणांची नोकरी करणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

रुळावरचा
आणि मालगाड्या घाटातून कमी होतील असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: पश्चिम डीएफसी जेएनपीटीहून निघून वैतरणा, गुजरात, राजस्थानमार्गे दादरीला जाते. जवळपास दीड हजार किलोमीटर, तारांखालून दोन मजली कंटेनर. पण ती घाट चढतच नाही. पुणे, सोलापूर, नागपूरकडचा माल आहे तिथूनच जाणार.

निरागस_प्रश्न
डीएफसी म्हणजे काय?

खवचट_काकू
फक्त मालगाड्यांसाठी बांधलेला वेगळा मार्ग. बाकीचं विचारायला नवीन धागा काढ. हा दोनशेच्या पुढे गेला की पान उघडत नाही.